थर्मल कॅमेरे घेऊ, पण आधी मोजायला शिकू

उष्णता डोळ्यांना दिसावी, अशी गरज कोल्हापूर जिल्ह्याइतकी फार थोड्या जिल्ह्यांना असेल. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या फाउंड्र्या, साखर कारखान्यांचे बॉयलर आणि आवारातले बगॅसचे ढीग, गोकुळ-वारणेला दूध घालणारे गोठे, पंचगंगेचा पूर, राधानगरीचे गवे, आजरा-चंदगडच्या शेतात उतरणारे हत्ती. यातल्या प्रत्येक ठिकाणी एखादी गरम जागा वेळेत दिसली तर माणूस, जनावर किंवा पैसा वाचतो. म्हणून थर्मल कॅमेरे इथे येतायत याचं मी मनापासून स्वागत करतो. काळजी वेगळीच आहे. कॅमेरा खरेदी केला म्हणजे तंत्रज्ञान आलं, असं आपण धरून चाललोय. कॅमेरा चित्र देतो. त्या चित्रातला आकडा खरा की खोटा हे ठरवणं ही वेगळी विद्या आहे आणि संशोधनाची खरी गरज तिथे आहे. ते संशोधन कोल्हापुरात होऊ शकतं. त्यावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, आणि तो कॅमेऱ्यांच्या आधी व्हावा, असं माझं म्हणणं आहे.

हा विषय मुळात थर्मामीटरपासूनच सुरू झाला. १८०० साली विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाश लोलकातून काढला, एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला आणि तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा अधिक चढलेला त्याला आढळला. पुढे १८८० च्या सुमारास सॅम्युअल लँगलीने बोलोमीटर बनवला. ऊब लागली की पातळ धातूच्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो, एवढंच त्याचं तत्त्व. पाव मैलावर उभ्या असलेल्या गायीची ऊब या उपकरणाला कळते, असं तेव्हा सांगितलं जाई. विसाव्या शतकात हा विषय लष्कराच्या ताब्यात गेला. १९५९ साली ब्रिटनमध्ये मर्क्युरी-कॅडमियम-टेल्युराईड या उष्णता टिपणाऱ्या संयुगाचं संशोधन जाहीर झालं, पण त्या जातीचा संवेदक नीट चालायला उणे १९६ अंशांच्या आसपास गार ठेवावा लागे. सामान्य माणसाच्या हातात कॅमेरा आला तो सूक्ष्म बोलोमीटरमुळे. अमेरिकेत लष्करासाठी झालेलं हे काम १९९२ साली गोपनीयतेतून मोकळं झालं आणि त्यानंतर किमती उतरत गेल्या.

आजच्या हातातल्या कॅमेऱ्यात काय असतं? व्हॅनेडियम ऑक्साईडचा किंवा अस्फटिकी सिलिकॉनचा अतिशय पातळ थर, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजाव्या अशा दोन पायांवर सिलिकॉनच्या वर उचलून धरलेला, भोवती निर्वात पोकळी. असे हजारो, कधी लाखो चौकोन ओळीने. समोरच्या वस्तूची ऊब चौकोनावर पडली की तो किंचित तापतो आणि त्याचा रोध बदलतो. एका अंशाला दोन टक्क्यांच्या आसपास बदलतो, पण वस्तू एक अंशाने तापली तरी चौकोन तापतो तो अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा फरकातून चित्र उभं राहतं. वापरताना मधूनच कॅमेऱ्यातून टिक असा आवाज येतो, तेव्हा आतला पडदा बंद होऊन सगळे चौकोन एकसारख्या तापमानाकडे बघतात आणि आपले आपसातले फरक सावरून घेतात. कॅमेरा स्वतःसुद्धा तापतो, निवतो. त्याला सतत सावरावं लागतं. बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकावर अचूकता लिहिलेली असते ती अधिक-उणे २ अंश किंवा २ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. १४०० अंशांवर २ टक्के म्हणजे २८ अंश झाले. आणि हा आकडासुद्धा इतर सगळ्या गोष्टी बरोबर धरल्या असतील तरच खरा.

इतर गोष्टींत पहिली आहे एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभागाची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. एकाच तापमानाच्या दोन वस्तू सारख्याच प्रमाणात उष्णता बाहेर टाकत नाहीत. माणसाची कातडी जवळजवळ पूर्ण क्षमतेने टाकते, ०.९८ च्या आसपास. घासून चकचकीत केलेलं ॲल्युमिनियम एक दशांशसुद्धा टाकत नाही, उलट आजूबाजूची ऊब परावर्तित करतं. कॅमेऱ्याला हे कळत नाही. त्याच्यात आपण जो आकडा भरू तोच तो खरा मानतो.

फाउंड्रीत हे फार महागात पडतं, म्हणून तिथे थोडं थांबू. लोखंड ओतण्याचं तापमान चुकलं की काय होतं ते शिरोलीत कुणालाही विचारा. धातू गार पडला असेल तर साच्यात दोन बाजूंनी आलेले प्रवाह भेटतात पण एकजीव होत नाहीत, कोल्ड शट येतो. जास्त तापला असेल तर वाळू कास्टिंगला चिकटते, आत आकुंचनाची पोकळी राहते आणि वीज वाया गेलेली असते ती वेगळीच. आज बहुतेक ठिकाणी मेल्टर, म्हणजे भट्टी सांभाळणारा कामगार, लान्सच्या म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला कागदी नळीची टिप बसवतो, ती वितळलेल्या लोखंडात बुडवतो, काही सेकंदांत आकडा स्थिरावतो आणि टिप जळून जाते. प्रत्येक मापाला एक टिप, म्हणून मापं मोजकीच घेतली जातात. भट्टीत असताना एकदा माप होतं. त्यानंतर लॅडल, म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं, साच्यांच्या रांगेवरून सरकत असते आणि शेवटच्या साच्यापर्यंत धातूचं तापमान किती उतरलं हे मेल्टरच्या नजरेवर ठरतं. अनुभवी मेल्टरची नजर पक्की असते. पण कास्टिंग घेणारा मोटार उद्योगातला ग्राहक प्रत्येक तुकड्यामागे नोंद मागतो, आणि नजरेची नोंद ठेवता येत नाही.

इथे इन्फ्रारेड, म्हणजे हर्शेलला तांबड्यापलीकडे सापडलेल्या त्या किरणांवरून मोजणं, उपयोगी पडावं हे उघड आहे. पण कोणतं इन्फ्रारेड? बाजारात सहज मिळणारे कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात बघतात, कारण खोलीच्या तापमानाला असलेल्या वस्तू १० मायक्रॉनच्या जवळपास सर्वांत जास्त उष्णता टाकतात. वितळलेल्या लोखंडाची गोष्ट निराळी, त्याचा भर दोन मायक्रॉनच्याही खाली असतो. आता कोणत्या तापमानाला कोणत्या तरंगलांबीत किती उष्णता बाहेर पडते हे सांगणाऱ्या प्लांकच्या नियमाने हिशेब करून बघा. १४०० अंशांच्या धातूकडे बघताना एमिसिव्हिटी धरण्यात १० टक्क्यांची चूक झाली, तर १ मायक्रॉनला मोजणाऱ्या उपकरणाच्या मापात साधारण २० अंशांचा फरक पडतो. तीच चूक १० मायक्रॉनच्या कॅमेऱ्यात शंभर अंशांहून मोठी होते. आणि १० टक्के ही फार सौम्य चूक आहे. स्वच्छ वितळलेलं लोखंड आणि त्यावर तरंगणारा स्लॅग म्हणजे मळीचा थर यांच्या एमिसिव्हिटीत दुपटीचाही फरक असू शकतो. म्हणजे त्याच लॅडलमध्ये, त्याच क्षणी, स्लॅग उजळ आणि धातू काळसर दिसणार, तापमान दोन्हींचं जवळजवळ सारखं असलं तरी. ज्याला हे शिकवलेलं नाही तो चित्र बघून धातू गार झाला म्हणणार आणि भट्टीचा भार वाढवणार.

उलट लॅडलच्या किंवा भट्टीच्या बाहेरच्या पत्र्यासाठी तोच साधा कॅमेरा अगदी योग्य आहे. आतलं अस्तर एखाद्या जागी झिजलं की बाहेर तिथे गरम ठिपका दिसायला लागतो, धातू फुटून बाहेर यायच्या कितीतरी आधी. इंडक्शन भट्टीच्या कॉइलमधून पाणी फिरत असतं. अस्तर भेदून लोखंड त्या पाण्यापर्यंत पोचलं तर स्फोट होतो आणि शेजारी उभा असलेला माणूस वाचत नाही. रोजच्या पाळीला दोन मिनिटं पत्र्यावरून कॅमेरा फिरवणं, त्याच जागेचं कालचं आणि आजचं चित्र शेजारी ठेवणं, एवढ्या साध्या शिस्तीने जी सुरक्षितता मिळेल ती मला सगळ्या उत्पादकतेपेक्षा मोलाची वाटते. भट्टीपुढे उभे राहणारे लोक आपले आहेत, शिये-नागावचे, परप्रांतातून पोटासाठी आलेलेही आपलेच.

तेव्हा कोणत्या कामाला कोणता पट्टा, कोणत्या पृष्ठभागाला कोणता आकडा, धूर आणि वाळूची धूळ मध्ये आली तर माप किती घसरतं, इथल्या भट्ट्यांत जो भंगाराचा माल पडतो त्याच्या स्लॅगची एमिसिव्हिटी किती, हे प्रश्न कोल्हापूरचे आहेत. परदेशी कंपनीच्या पुस्तिकेत त्यांची उत्तरं मिळणार नाहीत. ती इथे मोजूनच मिळतील.

मोजण्याची विद्या नसताना उपकरण वाटलं की काय होतं हे आपण सगळ्यांनी २०२० मध्ये पाहिलं आहे. दुकानाच्या दारात, कारखान्याच्या गेटवर, बँकेत, प्रत्येक कपाळावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला गेला. उन्हातून आलेल्या माणसाचा आकडा चढलेला, पावसातून आलेल्याचा ३३, ३४. जिवंत, चालत्याबोलत्या माणसाचं शरीर ३३ अंशांवर असूच शकत नाही, तरी आकडा वहीत लिहिला जायचा आणि माणूस आत जायचा. दारावर उभ्या असलेल्या रखवालदाराचा यात काडीचा दोष नव्हता, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ताप तपासायच्या थर्मल कॅमेऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक तेव्हाही अस्तित्वात होतं. एका वेळी एकच माणूस, चष्मा काढलेला, बघायचं ते डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे, आणि तुलनेसाठी ज्ञात तापमानाचा संदर्भस्रोत. देशभर कोट्यवधी रुपयांची उपकरणं घेतली गेली आणि ही चार वाक्यं शिकवली गेली नाहीत. माझा सगळा आग्रह त्या अनुभवातून आला आहे.

विजेच्या पॅनेलची तपासणी हे थर्मल कॅमेऱ्याचं आपल्याकडचं सर्वांत रुळलेलं काम. ढिला नट, गंजलेलं जोड, एका फेजवर जास्त भार, हे सगळं चित्रात लाल दिसतं. त्याच्या अहवालांबद्दल मात्र बोलायला हवं. कॅमेरा रंग आपोआप ताणून घेतो. चित्रात सर्वांत गरम जे असेल ते लाल-पांढरं, सर्वांत गार ते निळं. मग फरक तीन अंशांचा असो की तीसचा, चित्र सारखंच भडक. दुसरं, चकचकीत तांब्याची बसबार, म्हणजे वीज वाहून नेणारी पट्टी, तापलेली असली तरी गार दिसते. म्हणून शहाणा तंत्रज्ञ वीज बंद असताना तिच्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवतो आणि नंतर टेपचं तापमान वाचतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, भार. जोडावरची उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सुट्टीच्या दिवशी ४० टक्के भारावर तपासणी केली आणि जोड ८ अंशांनी जास्त गरम दिसला, तर पूर्ण भारावर तोच जोड ५० अंशांच्या आसपास चढू शकतो. ८ अंश बघून अहवालावर ‘समाधानकारक’ असा शेरा मारणं म्हणजे आगीला मुदत देणं. मी पाहिलेल्या अहवालांत तपासणीच्या वेळी भार किती होता याची नोंद फार क्वचित असते. विम्याच्या फाईलला रंगीत चित्रं लावली की काम झालं, ही समजूत मोडायला हवी.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ पासून कोल्हापूरच्या कलेचं घर असलेलं ते नाट्यगृह जळताना बघून शहरातली मोठमोठी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. त्या आगीच्या कारणांची चर्चा मला इथे करायची नाही. मला एवढंच विचारायचं आहे की शहरातल्या उरलेल्या सार्वजनिक इमारतींचं काय? नाट्यगृहं, मंगल कार्यालयं, सरकारी रुग्णालयं, शाळांच्या प्रयोगशाळा. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला लागलेल्या आगीत दहा बाळं गेली, हे आठवलं की वाटतं, प्रत्येक अतिदक्षता कक्षाच्या वीजजोडणीची पूर्ण भारावरची थर्मल तपासणी दर वर्षी सक्तीची का नसावी? आणि तो अहवाल लोकांना बघायला का मिळू नये? फक्त ती तपासणी वर सांगितलेल्या अर्थाने खरी असली पाहिजे, नाहीतर खोटा दिलासा मिळेल आणि तो तपासणी न होण्यापेक्षा वाईट.

गोठ्यातला उपयोग मला विशेष जवळचा वाटतो, कारण तिथे कॅमेऱ्याची उणीव कल्पकतेने भरून काढता येते. कासदाह, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात, हा दुधाच्या धंद्यातला मोठा चोर. सड सुजून दुधात गाठी यायला लागल्या की कुणालाही कळतो, पण त्याआधी कासेच्या त्या भागाची कातडी एखाद-दीड अंशाने तापते असं जगभरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. आता कॅमेऱ्याची अचूकता अधिक-उणे २ अंश आणि शोधायचा फरक एक-दीड अंशाचा. मग हे जमायचं कसं? जमतं, कारण कासेचे चारही भाग एकाच चित्रात येतात. कॅमेऱ्याची चूक चौघांनाही सारखीच लागते आणि एकमेकांतला फरक तो अंशाच्या विसाव्या भागापर्यंत टिपतो. पहाटे धारेच्या आधी, कास पुसून कोरडी केलेली, जनावर उन्हात उभं राहिलेलं नाही, शेण-चिखल लागलेला नाही, अशा वेळी घेतलेलं चित्र कामाचं. दुपारी उन्हातून आलेल्या म्हशीचं चित्र निरुपयोगी, काळ्या कातडीने सूर्याची ऊब पिऊन घेतलेली असते. परदेशातले अभ्यास बहुतांशी होल्स्टीन गायींवर झालेले, बंदिस्त गोठ्यांत. आपल्या मुऱ्हा आणि पंढरपुरी म्हशींवर, पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात आणि जुलैच्या दमट हवेत हा फरक किती टिकतो हे कुणीतरी शिस्तीत मोजायला हवं. ज्या जिल्ह्यात दूध संघाची गाडी रोज दारात येते, डॉक्टर गावात असतो, दुधाची नोंद सभासदाच्या नावावर असते, तिथे असा अभ्यास जितका नीट होईल तितका कुठेच होणार नाही.

उसाबद्दल थोडक्यात. पाणी मिळालेलं पान बाष्प सोडतं म्हणून हवेपेक्षा गार राहतं, तहानलेलं पान तापतं. या तत्त्वावर पिकाच्या ताणाचा निर्देशांक १९८१ पासून वापरात आहे. आपल्या शिरोळ तालुक्यात पाणी जास्त झाल्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत, तेव्हा उसाला पाणी कधी द्यायचं याइतकंच कधी द्यायचं नाही हे कळणं गरजेचं. उपग्रह मदत करतील, पण मर्यादेत. लँडसॅट ८ या उपग्रहाचा थर्मल ठिपका जमिनीवर १०० मीटरचा, म्हणजे जवळजवळ अडीच एकर. भारत आणि फ्रान्स मिळून आखत असलेल्या तृष्णा उपग्रहाचा ठिपका ५७ मीटरचा ठरवला आहे, म्हणजे साधारण ३२ गुंठे. आपल्याकडे भावकीत वाटून वाटून एकेकाच्या वाट्याला वीस गुंठे आलेले. एका ठिपक्यात दोन भावांची शेतं, एकाचा आडसाली, दुसऱ्याचा खोडवा. तेव्हा उपग्रहाच्या आकड्याला शेतावर ड्रोनने आणि हातातल्या उपकरणाने पडताळून देणारं कुणीतरी जिल्ह्यात लागणारच.

आता आक्षेपाकडे वळतो. ‘हे सगळं ठीक, पण संशोधन म्हणजे संवेदक बनवणं. त्याला शेकडो कोटींची स्वच्छ दालनं लागतात. कोल्हापूरने त्या वाटेला कशाला जावं?’ या म्हणण्यात निम्मं तथ्य आहे. संवेदक आणि त्याखालचं सिलिकॉन सर्किट जिल्ह्याच्या पातळीवर बनणार नाही. देशात यावरचं मोठं काम संरक्षण प्रयोगशाळांत झालं, डेहराडूनच्या इन्स्ट्रुमेंट्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटमध्ये, दिल्लीच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीमध्ये, आणि ते सीमेवरच्या गरजेसाठी झालं, तसंच व्हायला हवं होतं. पण भट्टी, गोठा आणि रुग्णालय यांचे प्रश्न त्यामुळे कुणाच्याच टेबलावर आले नाहीत.

उरलेल्या निम्म्यात कोल्हापूरला बरंच काही करता येतं. सूक्ष्म बोलोमीटरचा जीव आहे पातळ थरात, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग पातळ थरांच्या कामासाठी अनेक दशकं ओळखला जातो. व्हॅनेडियम ऑक्साईडची कितीतरी रूपं आहेत. तापमानाला तीव्र प्रतिसाद देणारं आणि तरी संकेतात कमी गोंगाट, म्हणजे नको ती चलबिचल, आणणारं रूप एकसारखं पसरवणं हा अजूनही अभ्यासाचा विषय आहे. दुसरं, भिंगं. साधी काच या पट्ट्यात अपारदर्शक असते, म्हणून जर्मेनियमची भिंगं लागतात. ऑगस्ट २०२३ पासून चीनने जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि जगभरच्या कॅमेरा उद्योगाला घाम फुटला. त्याला पर्याय आहे कॅल्कोजेनाईड काचेचा. जर्मेनियमचं भिंग बहुधा हिऱ्याच्या हत्याराने एकेक कातावं लागतं, ही काच मात्र तापवून साच्यात दाबून घडवता येते. साचे घडवणं हा तर ज्या शहराचा पिढीजात धंदा आहे, त्या शहराने निदान या बाजूला बघावं तरी, असं मला कळकळीने वाटतं. अचूकता अर्थात कास्टिंगच्या कितीतरी पुढची लागेल.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. आंतरराष्ट्रीय तापमान मापनश्रेणीत, १९९० साली ठरलेल्या, चांदीचा गोठणबिंदू ९६१.७८ अंश हा पायाचा दगड आहे. त्याच्या वरचं तापमान व्याख्येनेच किरणांवरून ठरतं, चांदी, सोनं किंवा तांब्याच्या गोठणबिंदूशी तुलना करून. म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं माप शेवटी जाऊन टेकतं ते गोठणाऱ्या चांदीवर. आणि आपल्या हुपरीत चांदी वितळवणं आणि गोठवणं घराघरात चालतं. संदर्भासाठी लागणारी चांदी दागिन्याच्या चांदीपेक्षा खूप शुद्ध लागते, भट्टीचं नियंत्रण फार काटेकोर लागतं, आणि त्याची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जोडावी लागते, हे मान्य. पण धातू गोठताना तापमान कसं थांबून राहतं हे ज्या कारागिराने रोज पाहिलं आहे, त्याला आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला एका टेबलाशी बसवणारी प्रयोगशाळा दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात उभी राहील?

आणखी एक आक्षेप खर्चाचा नाही, पाळतीचा आहे, आणि तो मला पटतो. पुरात छतावर अडकलेली माणसं रात्री शोधायला, उसात शिरलेला गवा कुठे बसलाय ते गर्दी जमायच्या आधी वनखात्याला कळायला थर्मल ड्रोन उत्तम. तोच ड्रोन वस्तीवर विनाकारण फिरवता कामा नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली निकाल दिला की घराच्या भिंतीची उष्णता थर्मल उपकरणाने बघणं हीसुद्धा झडतीच, त्यासाठी वॉरंट हवं. आपल्याकडेही कोण, कधी, कशासाठी उडवणार आणि चित्रं किती दिवस ठेवणार याचा लेखी नियम ड्रोन घेण्याआधी व्हावा. पुराबाबत एक गैरसमजही दूर व्हावा. हा कॅमेरा पत्र्याच्या किंवा कौलाच्या आत बघू शकत नाही, पाण्याखालचं बघू शकत नाही, आणि धो धो पावसात त्याची नजर बरीच आखूड होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांची धोक्याची रेषा ओलांडते तेव्हा बहुधा असाच पाऊस असतो. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना आधीच बाहेर काढणं याला कोणत्याही कॅमेऱ्याचा पर्याय नाही.

मग करायचं काय? विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या उद्योजक संघटना यांनी मिळून एक खुलं उष्णतामापन केंद्र उभारावं. त्यात सुरुवातीला कॅमेरे कमी असले तरी चालतील. कृष्णिका म्हणजे ब्लॅकबॉडी संदर्भस्रोत (ज्ञात तापमानाला जवळजवळ पूर्ण क्षमतेने उष्णता टाकणारे) मात्र हवेत, एक खोलीच्या तापमानाच्या आसपासचा, जनावरं आणि माणसांच्या मापासाठी, आणि एक हजार अंशांच्या पुढचा, भट्ट्यांसाठी. फाउंड्री, दवाखाना, अग्निशमन दल, कुणीही आपलं उपकरण आणून त्यासमोर धरावं आणि ते किती चुकतं याचा कागद घेऊन जावा. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना तिथे शिकवावं, आणि शिकवणाऱ्यांत दोन निवृत्त मेल्टर मानधनावर असावेत. ज्याने आयुष्यभर लोखंडाचा रंग वाचला, त्याला स्लॅग आणि धातूतला फरक उपकरणाआधी दिसतो.

दोन अटी मात्र सोडू नयेत. या केंद्रात जमणारं प्रत्येक चित्र मूळ तापमानाच्या आकड्यांसह साठवलं जावं आणि त्यासोबत अंतर, एमिसिव्हिटी, हवेचं तापमान आणि विजेचं काम असेल तर भार यांची नोंद असावी. नुसती रंगीत छबी नको, ती पुढच्या संशोधकाला काडीच्या उपयोगाची नसते. आणि सार्वजनिक पैशातून जमलेली ही मापं, कारखान्याचं नाव वगळून, सगळ्यांना खुली असावीत. इथल्या स्लॅगच्या एमिसिव्हिटीचा तक्ता उद्या बेळगाव-सांगलीच्या फाउंड्रीवाल्यालाही वापरता आला पाहिजे.

जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात दर वर्षी उपकरण खरेदीची ओळ असते. संदर्भस्रोत, एका तंत्रज्ञाचा पगार आणि प्रशिक्षण यांची ओळ त्या ओळीच्या वर यावी, यासाठी संघटनांनी आणि विद्यापीठाने संयुक्त प्रस्ताव पुढच्या आराखड्याच्या बैठकीआधी पालकमंत्र्यांच्या हातात द्यावा. कॅमेऱ्यांच्या निविदेतही एक कलम घालता येईल: पुरवठादाराने उपकरण या केंद्रातल्या संदर्भस्रोतासमोर तपासून दाखवल्याशिवाय बिल निघणार नाही.